दुसऱ्या मूव्हमेंटनंतर

'मूव्हमेंट' हा शब्द इंग्रजी आहे हे मला बरीच मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं. आमच्या घरात तो भाकरी, चटणी, रॉकेल यांच्याइतकाच रोजचा होता. आबा मूव्हमेंटमधले, आबांची गायन पार्टी मूव्हमेंटमधली. आबा म्हणजे माझे वडील. जयंतीच्या आगेमागे दीड-दोन महिने ते घरात कमी आणि मूव्हमेंटमध्ये जास्त असत. शिरोळपासून कोडोलीपर्यंत जिथून सुपारी येईल तिथं पार्टी जायची, भीमगीतं व्हायची आणि आबा फिडल वाजवायचे. व्हायोलिनला आमच्याकडं फिडलच म्हणत. ते हनुवटीखाली धरायचं असतं हे आबांना ठाऊक होतं, पण तसं धरलं की गाणाऱ्याचं तोंड दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून ते मांडी घालून बसत आणि फिडल छातीला टेकवत. गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत ते त्याच्या मागोमाग असे जात की गाणाऱ्याला वाटावं, हा माझ्या आधीच तिथं पोचलाय.

वर्षाचे बाकीचे महिने आबा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे भरायचे आणि त्यात ओतलेलं लोखंड निवलं की साचे फोडायचे. संध्याकाळी घरी आले की दारातल्या दगडावर बसून ते हातपाय धूत. कितीही धुतलं तरी कानाच्या पाळीमागं आणि मानेच्या घडीत एक काळी रेघ राहायचीच. छातीत गेलेली धूळ उतरावी म्हणून कामगारांना फाउंड्रीत गूळ मिळे. आबा तो खायचे नाहीत, खिशात घालून माझ्यासाठी आणायचे. त्या गुळाला वाळूची किंचित करकर असायची आणि लहानपणी मला तो पेढ्यापेक्षा आवडायचा. विद्यापीठात जायला लागल्यावर मी तो घ्यायचं बंद केलं. 'दात किडतात' असं कारण सांगितलं. आबांनी कारण ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गूळ आईच्या हातात द्यायला लागले.

त्या वर्षांतल्या संध्याकाळी मला आवाजांनीच आठवतात. आई साड्यांना फॉल लावायची. तिचं मशीन खडखडायचं. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटायचं. आणि आबा खुंट्या पिळून तारा लावून घ्यायचे. तार लागली की ते गजाला राळ घासायचे आणि आईला विचारायचे, "वाजवू काय?" आई मशीन थांबवायची नाही. "वाजवा की, कुणी धरलंय?" म्हणायची. तिच्या मशीनच्या ठेक्यावरच मग आबा काहीतरी सुरू करायचे. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची आणि मनात म्हणायची, कधी एकदा ही दोन्ही यंत्रं बंद पडतील. मी इंग्रजीत एम.ए. करत होते. अशा घरात इंग्रजी वाचणारी मुलगी म्हणजे केवढं अप्रूप! ते अप्रूप माझ्या डोक्यात गेलं होतं, हे सरळ कबूल करते.

विद्यापीठात माझ्याबद्दल एक गैरसमज झाला होता आणि तो मी होऊ दिला होता. पहिल्याच आठवड्यात केतकी नावाच्या मैत्रिणीनं विचारलं, वडील काय करतात? मी म्हणाले, "फाउंड्रीत असतात, उद्यमनगरला." यात एक अक्षर खोटं नव्हतं. केतकीच्या मामांची तिकडं स्वतःची फाउंड्री होती. त्यामुळं तिनं 'फाउंड्रीत असतात' याचा अर्थ तिच्या मामांसारखा लावला आणि दोन-चार जणींना तसाच सांगितला. ते दुरुस्त करायला मला एक वाक्य पुरलं असतं. ते मी आज बोलेन, उद्या बोलेन करत वर्षभर बोलले नाही. तुझ्या घरी यायचंय असं केतकी म्हणाली की मी घरात पाहुणे आहेत म्हणायची. आमच्याकडं इतके पाहुणे कसे येतात याचं तिला नवल वाटायचं.

अशात विद्यापीठात युरोपातली चार वादक मंडळी येणार असं ठरलं. दोन व्हायोलिनं, त्याहून थोडं मोठं आणि जाड आवाजाचं एक वाद्य, आणि दोन गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. चौघं समोरासमोर बसून वाजवणार, गाणारं कुणी नाही. आमच्या विभागातल्या मॅडमनी निवेदनासाठी माझं नाव दिलं, कारण माझं इंग्रजी चांगलं होतं आणि मराठीही, त्यांच्या शब्दांत, 'घासून स्वच्छ केलेलं' होतं. ते कशावर घासलं होतं ते मलाच माहीत. मॅडमनी एक कागद हातात ठेवला. पहिल्या रचनेत चार मूव्हमेंट आहेत, मध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, 'वा' म्हणायचं नाही, चारही संपल्यावर मगच दाद द्यायची. हे श्रोत्यांना आधी नीट समजावून सांग, कोल्हापूरकरांचा काही नेम नाही, असं त्या म्हणाल्या. मूव्हमेंटला मराठीत काय म्हणायचं यावर आम्ही अर्धा तास घालवला. हालचाल म्हणता येईना, चळवळ तर नाहीच नाही. शेवटी 'भाग' म्हणायचं ठरलं.

घरी जेवताना मी ही गंमत सांगून बसले. ती माझी चूक झाली. आबांचा घास हातातच राहिला.

"चार मूव्हमेंट?" ते म्हणाले. "आपल्यात तर एकच मूव्हमेंट, आन् तिचं किती गट झाल्यात ते मोजाय बोटं पुरंनात. त्येंच्यात चौघं एकत्र बसत्यात म्हंजे कमालच की!"

आई हसली, मीही हसले. मग आबांनी हात धुतले आणि माझ्यासमोर येऊन बसले. चौघांत पेटी नाही, ढोलकी नाही, मग ठेका कोण धरतो? गाणारा नाही तर कुणाच्या मागं जायचं? ते म्हणाले, "मला ऐकायचं हाय गं. आयुष्यभर फिडल वाजीवलं, पर ज्येंच्या मुलखातनं ते आलं त्येंच्या हातात कधी बघितलं न्हाय."

निवेदिका म्हणून मला घरच्यांसाठी दोन पास मिळाले होते. त्या क्षणी ते माझ्या पुस्तकात, मी बसले होते तिथून हातभर अंतरावर होते. "ते फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे, आबा," मी म्हणाले. "असं व्हय," ते म्हणाले आणि उठून मशीनशेजारी जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी मी ते पास केतकीला दिले. तिच्या आईला पाश्चात्य संगीताची आवड होती म्हणे.

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. मी मैत्रिणीची जांभळी साडी नेसले होते. सभागृहात समोरच्या रांगांत प्राध्यापक, डॉक्टर, कारखानदार असे लोक, मागं विद्यार्थी. मी कागदावरचं सगळं दोन्ही भाषांत सांगितलं. टाळ्यांची सूचना तर इतकी ठासून सांगितली की लोक हसले. हे सांगून झालं तोच मागचं दार उघडलं आणि शेवटच्या रांगेच्या टोकाच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. पांढरा शर्ट. तो शर्ट सकाळी आईनं इस्त्री करताना मी पाहिला होता आणि कशाला, हे विचारलंही नव्हतं. आबा तो पिशवीत घालून कामावर घेऊन गेले होते, सुटी झाल्यावर फाउंड्रीच्या नळावर अंग विसळून त्यांनी तो घातला होता आणि सायकलवरून थेट इकडं आले होते. त्यांच्या पार्टीतल्या ढोलकीवाल्याचा मेव्हणा विद्यापीठात वॉचमन होता, त्यानं त्यांना आत सोडलं. हे मला नंतर कळलं. त्यावेळी एवढंच कळलं की माझी सूचना त्यांनी ऐकलेली नाही, कारण ते उशिरा आले होते.

पहिला भाग जोरकस होता, लोकांना समजला नाही पण सगळे शिस्तीत गप्प राहिले. दुसरा अगदी संथ. पहिलं व्हायोलिन वाजवणारे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ एक ओळ सुरू करायचे, ती चेलोवाली बाई खालून उचलायची, आणि मधले दोघं दोघांना सांभाळून घ्यायचे. बाहेर विद्यापीठाच्या माळावर एक मोर ओरडला. त्याला कुणी सूचना दिली नव्हती. मी विंगेजवळच्या खुर्चीवर बसून आबांकडं बघायचं टाळत होते. तरी एकदा दिसलेच. त्यांचा डावा हात गुडघ्यावर होता आणि बोटं पँटवर दाबून सूर शोधत होती.

तो भाग संपला. गज हवेतच थांबले. सभागृहात कुणी खाकरलंसुद्धा नाही. आणि मागून खणखणीत आवाज आला, "वन्समोअर!"

गायन पार्टीत हा शब्द म्हणजे मोठ्यातली मोठी दाद. आणि आबांच्या लेखी ती नुसती दादही नव्हती. त्यांना कुणी सूर लिहायला-वाचायला शिकवलं नव्हतं. त्यांचं सगळं शिक्षण वन्समोअरवर झालेलं. ते नेहमी म्हणायचे, एकदा ऐकलं की निम्मं बोटात येतं, दुसऱ्यांदा ऐकलं की सगळं. ते दुसऱ्यांदा मागत होते. हे त्या भरल्या सभागृहात माझ्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

समोरच्या रांगा वळल्या. कुणी हसलं, मग बरेच हसले. दाढीवाल्या गृहस्थांनी मान वर करून मागं पाहिलं आणि तेही हसले, पण ते हसू वेगळं होतं. केतकी माझ्या शेजारी गुच्छ घेऊन बसली होती. "अगं, कोण हे?" ती कुजबुजली.

"काय माहीत," मी म्हणाले. "कुणीतरी आत शिरलंय."

मॅडमनी मला डोळ्यांनी खूण केली. मी खाली उतरले आणि मधल्या वाटेनं चालत गेले. साडीत पाय अडकत होता एवढंच आठवतं. आबांच्या खुर्चीजवळ पोचले तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला होता. पोरगी आपल्यालाच भेटायला आली, असं त्यांना वाटलं असणार. ते काहीतरी बोलायला तोंड उघडणार तोच मी म्हणाले,

"पावणं, मधी बोलायचं नसतं हितं. भाईर जाऊन थांबा."

आमच्या कोल्हापुरात हा शब्द रस्त्यावरच्या कुणालाही म्हणतात. एस.टी.त जागा मागताना म्हणतात, ऊस तोडणाऱ्याला म्हणतात, चुकलेल्या माणसाला वाट सांगताना म्हणतात. एरवी अगदी प्रेमळ शब्द आहे. ज्याची ओळख नाही त्यालाच तो म्हणतात, एवढीच अट. बापाला पावणं म्हणणारी मुलगी माझ्याशिवाय अख्ख्या जिल्ह्यात झाली नसेल.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या साडीकडं, मग पुढच्या रांगांतून मागं वळून बघणाऱ्या माणसांकडं. त्यांना सगळं कळायला मोजून दोन श्वास लागले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी आजही नीट सोसू शकत नाही. ते उठले, हात जोडले आणि पुढच्या रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चुकलं बाई. आमास्नी ठाव न्हवतं." 'बाई'! मला माझ्या बापानं एखाद्या परक्या साहेबीणबाईला म्हणावं तसं म्हटलं, आणि तेसुद्धा माझं नाटक उघडं पडू नये म्हणून. खुर्चीखालची पिशवी उचलून ते बाहेर गेले. दार लागताना आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ते हातानं धरून लावलं.

बाकीचे दोन भाग झाले, मध्यंतर झालं, दुसरी रचना झाली. टाळ्या थांबेनात तेव्हा दाढीवाले गृहस्थ ध्वनिक्षेपकाकडं आले आणि मला जवळ बोलावलं. ते तुटक इंग्रजीत बोलले आणि मी त्याचं मराठी करायचं होतं. ते म्हणाले, "मघाशी मागं बसलेल्या एका सद्गृहस्थांनी संथ भाग पुन्हा मागितला. आमच्याकडं असं मागायची कुणाची हिंमत होत नाही. मी इतकी वर्षं वाजवतोय, त्या भागासाठी असं कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. ते गृहस्थ अजून इथं असतील तर हे त्यांच्यासाठी. नसतील तर कुणीतरी त्यांना सांगा."

मी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले. "आता पाहुणे कलाकार संथ भाग पुन्हा एकदा सादर करतील," मी म्हणाले. "कृपया शांतता राखावी."

ज्यांना इंग्रजी समजत होतं ते मागच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होते. बाकीच्यांना मी काही कळू दिलं नाही. चौघांनी तो भाग पहिल्यापेक्षा हळू वाजवला. मी तो ऐकला का? नाही. मी साडीच्या निऱ्या मोजत उभी होते. नंतर चहाच्या वेळी मॅडम जवळ आल्या, कपात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "छान झालं निवेदन. फक्त शेवटी एक वाक्य राहिलं गं तुझं." मी म्हणाले, "गडबडीत राहिलं, मॅडम." त्या कप घेऊन दुसऱ्या कुणाशी बोलायला गेल्या.

बाहेर सायकल नव्हती. बसनं घरी येईपर्यंत मी आबांशी काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. ते रागावले तर कसं रडायचं तेही ठरवलं होतं. दारात पोचले तर आत शेजारची दोन माणसं बसलेली, आणि आबा भिंतीला टेकून सांगत होते.

"म्या दारातनं आत गेलो तर हिनं लांबनंच बघितलं. खाली उतरून आली, हाताला धरून फुडं न्हेलं. सायेब लोकांच्या रांगंत बसवलं मला! म्हनाली, ह्ये माझं वडील हाईत, ह्ये पन फिडल वाजवत्यात."

आईनं माझ्याकडं पाहिलं. ती फार बोलणारी बाई नव्हती. तिनं उठून शेवयांचं पातेलं चुलीवर ठेवलं. गुळाच्या शेवया आमच्याकडं सणालाच व्हायच्या. माझ्या ताटात तिनं दोनदा वाढल्या आणि वर तुपाची धार धरली. मी त्या सगळ्या खाल्ल्या. आबा माझ्याकडं न बघता शेजाऱ्यांना चेलो किती मोठा होता ते हात पसरून दाखवत होते.

शेजारी गेल्यावर त्यांनी फिडल काढलं. त्या संथ भागाची सुरुवात त्यांनी वाजवली आणि ती अगदी हुबेहूब होती, त्यांच्या खाली-वर सरकणाऱ्या ढंगात, पण तीच. पाच-सहा ओळी झाल्या आणि ते अडले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच अडले. "फुडं उतरतंय काय चढतंय?" ते स्वतःशीच म्हणाले. निम्मंच बोटात आलं होतं. पुढची कित्येक वर्षं ते तेवढंच वाजवायचे आणि त्या जागी आलं की गज खाली ठेवायचे.

ती पुढच्या रांगेची गोष्ट मात्र त्यांनी पुरी केली. माझ्या लग्नात सासरच्यांना सांगितली, मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा माझ्या प्राचार्यांना सांगितली. दर वेळी तिच्यात थोडी भर पडायची. सांगताना ते माझ्याकडं एकदाही बघायचे नाहीत आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालून हसायची. लोकांना वाटायचं, मुलगी किती विनयशील आहे! आज पन्नाशी उलटल्यावरही कुणी मला विनयशील म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

छातीतल्या धुळीनं आबांना फाउंड्री सोडावी लागली तोवर नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली होती. फिडल वाजवायला दम पुरायचा नाही, गज चार वेळा फिरला की थांबायचा. मी दर रविवारी जायची. एका रविवारी आई बाजारात गेली होती. मी त्यांच्यासाठी चहा गाळत होते. ते दाराशी उन्हात बसले होते. तिथूनच, पाठमोरेच, ते म्हणाले,

"सुजा, एक इचारू? मी भाईर गेल्यावर फुडं काय वाजीवलं गं त्येंनी?"

इतक्या वर्षांत 'भाईर' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला. तुमच्यासाठी तेच पुन्हा वाजवलं, आबा, तुम्ही मागितलं म्हणून. तुम्हाला सांगा असं त्यांनी सांगितलं होतं. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, किती वर्षं तयार होतं. पण ते बोलले असते तर त्यांना हेही कळलं असतं की ते सांगायचं काम माझ्यावर सोपवलं होतं, आणि ध्वनिक्षेपक माझ्या हातात होता.

"आठवत नाही, आबा," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. "लई वरसं झाली की." आणि मला अवघडायला नको म्हणून त्यांनी लगेच माझ्या सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी केली.

त्यानंतर आबा दीड वर्ष होते. मी एकही रविवार चुकवला नाही.